थंडीतला पहारेकरी

जुलै, सिडनीतलं पेंडल हिल. इथली थंडी स्वेटरपुरती. पण भाचा नोकरीसाठी कूमा गावी राहायला गेलाय आणि घराबाहेर कॅमेरा कुठला लावू म्हणून विचारतोय. तिथून पुढे डोंगरात शार्लट पासला २९ जून १९९४ रोजी पारा उणे २३ अंशांवर गेला होता. ऑस्ट्रेलियातला तो नीचांक.

त्याच्या मनात बॅटरीवाला कॅमेरा आहे, कारण वायर ओढायला नको. मला तो मुळीच पटत नाही. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की आत लिथियम धातूचा थर साचतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून चांगले कॅमेरे गारठ्यात चार्जिंगच थांबवतात. मग सोलर पॅनलवर ऊन पडूनही उपयोग नाही. त्यापेक्षा एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र नेणारा कॅमेरा बरा. तो अखंड चालू राहतो, स्वतःच्या उबेने थोडा तगतो. खोक्यावरचा आयपी ६६ दर्जा पाणी-धुळीपुरता. थंडीसाठी किमान तापमानाचा आकडा वेगळा पाहावा लागतो. उणे ३० असेल तर मी निर्धास्त.

कॅमेरा वळचणीखाली लावायचा, पण छताच्या कडेला अगदी चिकटून नको, नाहीतर रात्री इन्फ्रारेड प्रकाश तिथूनच परततो आणि चित्र पांढरं होतं. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे वितळलेलं पाणी तिथूनच गळतं. शेजाऱ्यांची खिडकी मात्र चौकटीत येता कामा नये, हे त्याला आज रात्री फोनवर बजावणार आहे.