परका वाण, खानदेशी केळी

२०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मित्रांच्या कट्ट्यावर मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती. माझं आजोळ रावेर तालुक्यातलं, त्यामुळे बोलायचा हक्क आहेच अशी माझी समजूत. मुद्दा साधा होता. रावेर-यावल-चोपड्याच्या शिवारात आज उभी असते ती ग्रँड नैन. तीच मध्य अमेरिकेत, तीच इस्राएलमध्ये. १९९०च्या दशकात जैन इरिगेशनने तिची उतिसंवर्धित रोपं आणली आणि बघता बघता बसराई मागे पडली. काल आलेल्या पाहुणीला घरची सून म्हणायचं कशाला? मानांकन द्यायचंच तर वेलचीला द्या, वसईच्या राजेळीला द्या, असं मी तावातावाने सांगायचो.

आता सांगत नाही. एक तर ज्या बसराईसाठी मी गळा काढत होतो, ती तरी कुठे इथली! तीही कॅव्हेंडिश कुळातलीच. हे कुळ मूळचं दक्षिण चीनकडचं. मॉरिशसमार्गे ते इंग्लंडात पोचलं, १८३०च्या दशकात चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टनने ते वाढवलं आणि त्याच्या मालकाचं, ड्यूक विल्यम कॅव्हेंडिशचं नाव त्याला कायमचं चिकटलं. आपण खातो त्या केळात रुजणारं बी नसतं. माणसाने मुनवा उपटून जिकडे नेला तिकडे केळ गेली. अशा झाडाकडे जन्मगावचा दाखला मागण्यात काही अर्थ नव्हता.

पण नुसत्या वाचनाने माझं मत हललं नसतं. एका मे महिन्यात मामांच्या बागेत राहिलो. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, दुपारी अंगाला चटका देणारा वारा. खरं म्हणजे केळीला दमट, उबदार हवा लागते. इथे उन्हाळ्यात पानं करपतात आणि जानेवारीत कडाका पडला की घड पोंग्यातच अडकून बसतो, धड निसवत नाही. म्हणून तर लागवडीच्या वेळा ठरलेल्या, मृगबाग आणि कांदेबाग. मामांनी बांधाला गजराज गवताची भिंत उभी केली होती. सकाळी उठून ते ठिबकच्या नळ्या चाचपत फिरायचे, तुंबलेला ड्रिपर दिसला की तोंडाने फुंकून मोकळा करायचे. घड कापायला आला की नाही, हे ते फण्यांवर अंगठा फिरवून सांगत. केळाच्या धारा बुजून गोलाई आली की कोयता. एक जण कापतो, दुसरा खांद्यावर चुंबळ घेऊन घड झेलतो, जमिनीला लागू देत नाही. त्या दोघांच्या सदऱ्यांवर चिकाचे काळपट डाग असतात, कुठल्याही साबणाला न जुमानणारे.

मी माझा जुना मुद्दा काढला, तर मामा म्हणाले, “वाण बाहेरून आला रे भाचा. उन्हाळा काय आम्ही बाहेरून आणला?”

२०२१ साली तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी या मानांकनासह दुबईला गेली, ती याच उन्हाळ्यातून आणि याच हातांतून. तापीकाठची काळी माती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, यांचं नाव जळगाव असेल तर ते खोक्यावर असायलाच हवं.

चवीबाबत मात्र मी तसूभरही हललेलो नाही. वेलचीची आंबटगोड चव ग्रँड नैनला येत नाही ती नाहीच, आणि पिकवणीच्या खोलीतून पिवळीधमक होऊन आलेली तर नुसती गोड लागते. शिवाय मैलोन्‌मैल एकाच झाडाच्या नकला उभ्या असणं मला खुपतं. ग्रो मिशेल ही जात विसाव्या शतकात मर रोगाने जगाच्या बाजारातून उठली, तेव्हा तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली; आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशला मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आहे. एकदा मातीत शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. मामा हल्ली बाहेरगावचे मुनवे बांधाच्या आत येऊ देत नाहीत.

विहिरीजवळच्या चार ओळी तरी वेलचीला द्या, म्हणून मी त्यांच्या मागे लागलोय. सावद्याचा व्यापारी घेणार असेल तर लावतो, म्हणतात.