मृगाची भेट

आमच्या वऱ्हाडात ‘मृग’ हा शब्द पावसाइतकाच जिव्हाळ्याचा आहे. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागला, की शेतकरी वखरलेल्या वावराकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने पाहू लागतो. चांदूर बाजारच्या परिसरात संत्र्यांच्या बागा पुष्कळ. पावसाबरोबर त्यांना फुलोरा येतो, त्यालाही ‘मृग बहार’च म्हणतात.

शाळेत मी वर्षानुवर्षे नक्षत्रांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली. एके वर्षी मृग लागला, त्या संध्याकाळी एक विद्यार्थी वाटेत भेटला. त्याने विचारले, “गुरुजी, मृग लागला म्हणतात, मग तो आभाळात दिसत का नाही?”

“ढगांमुळे,” मी म्हणालो.

“पण काल रात्री तर आभाळ मोकळे होते!”

मी निरुत्तर झालो. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा माझे अज्ञान मला कळले. मृग लागला, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. त्या दिवसांत मृग सूर्याबरोबरच उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. मग तो रात्री दिसावा कसा? दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाजवळ माझी चूक कबूल केली आणि म्हटले, “माघात तुला मृग दाखवीन.”

माघ उजाडला. एका अंधाऱ्या रात्री आम्ही संत्र्याच्या बागेत गेलो. दक्षिणेस, आकाशात बरेच उंच, चार ठळक तारे चौकोनात चमकत होते. ते मृगाचे पाय. मधोमध एका रेषेत तीन तारे, तो त्याच्या पोटात रुतलेला बाण. ती रेषा खाली आग्नेयेकडे वाढविली, की तेजस्वी व्याध भेटतो. उलट दिशेस वाढविली, की तांबूस रोहिणी. प्रजापतीने मृगरूप घेऊन रोहिणीचा अनुचित पाठलाग केला, म्हणून देवांनी रुद्राकडून त्यास बाण मारविला, अशी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. तेथे त्या बाणाला ‘त्रिकाण्ड’ म्हटले आहे. ग्रीकांना मात्र याच ताऱ्यांत ओरायन नावाचा शिकारी दिसला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली वेदांच्या प्राचीनतेविषयी इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याचे नावही ‘ओरायन’च.

आमचे बोलणे ऐकून बागेचा वृद्ध राखणदार जवळ आला. वर पाहून म्हणाला, “गुरुजी, हे त आमचं तिकांडं! हे कललं का समजाचं, अर्धी रात झाली.” मी चकित झालो. कधी शाळेत न गेलेल्या त्या माणसाने वेदकाळाचा शब्द नकळत जपला होता.

मग मी मुलाला मृगाच्या पायाशी असलेला निळसर राजन्य दाखविला. तो सुमारे ८६० प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या शेजारच्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, त्याच्याही आधी निघालेला प्रकाश त्या रात्री आमच्या डोळ्यांत शिरत होता. व्याध त्या मानाने शेजारीच, साडेआठ प्रकाशवर्षांवर.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग जवळच्या फांदीवरील पिवळसर संत्र्याला हात लावून तो म्हणाला, “गुरुजी, हा मृग बहार ना? फुलला तेव्हा मृग दिसत नव्हता. आता फळ पिकायला आले, तर पाहायला आला!”

मी आता सेवानिवृत्त आहे. दर माघात अंगणात उभा राहून मृगाकडे पाहतो आणि त्या मुलाचे मनोमन आभार मानतो. नाव मला पाठ होते. भेट त्याने घडविली.