ट्रॅक्टर मिसिंग मारते? इंजिन खोलायच्या आधी हे पाहा



मृग तोंडावर, वावर तयार करायचं बाकी, अन् ट्रॅक्टर मिसिंग मारायला लागला. तीन सिलिंडरचं इंजिन, आवाज मात्र दोनाचाच. पांढरा धूर, रोटाव्हेटर टेकवला की दम सोडे. मिस्त्री म्हणाला, "रिंगा गेल्या, इंजिन खोला लागते." खर्च सांगितला तीस हजार. घरात होते तेवढे बियाण्या-खताचेच. म्हटलं, भाऊ, एक दिवस थांब.

आधी डिझेल फिल्टर बदलला, हवा काढली. फरक नाही. लाइनीत हवा असली तर मिसिंग येते-जाते. माझी एका तालात होती. म्हणजे एकच सिलिंडर मुकं. मग इंजिन स्लोवर ठेवून इंजेक्टरच्या पाइपाचे नट एकेक करून थोडे ढिले केले. एक नंबर ढिला केला, आवाज पडला. पुन्हा कसला. तीन नंबरलाही तसंच. दोन नंबर ढिला केला तर काहीच बदल नाही. चोर तिथंच.

पण इंजेक्टर की रिंगा? एक अन् दोनचे इंजेक्टर अदलाबदल केले, तांब्याचे वायसर नवे टाकले. पुन्हा नट ढिले करून पाहिले. आता दोन नंबर चाले अन् एक नंबर मुका. रोग इंजेक्टरसोबत फिरला, म्हणजे रिंगा ठीक. हिंगणघाटला टेस्टिंगवर लावला, तर फवाऱ्याऐवजी थेंब पडत होते. नोझल बदललं, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वावरात.

जुन्या नोझलच्या सुईला गंज होता. तो आला माझ्याच ड्रममधून. हिवाळाभर अर्धा ड्रम डिझेल कोठ्यात पडून होतं. रिकाम्या भागात दव धरते, पाणी तळाशी बसते. मी तळापर्यंतचं डिझेल टाकीत ओतत गेलो, फिल्टरखालचं पाणी कधी सोडलं नाही. मिस्त्रीचा अंदाज चुकला, पण मूळ चूक माझी. आता ड्रमच्या तळाचं चार बोटं डिझेल टाकीत जात नाही, अन् आठवड्याला फिल्टरखालचं पाणी सोडतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डिझेलच्या धारेसमोर हात नेऊ नका, ती कातडीत घुसते. अन् कॉमन रेल इंजिनाचा पाइप चालू इंजिनवर कधीच ढिला करू नका. तिथं स्कॅनरवालाच बोलवा.

रिंगा खरंच जातात, इंजिन खोलावंही लागते. पण आधी कोणतं सिलिंडर मुकं, ते मिस्त्रीला समोर दाखवायला लावा.