सूड उगवल्यानंतर

दुपारभर बाबुराव अर्नाळकर वाचत पडलो होतो. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा माणूस! त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड कायद्याची वाट न पाहता दुष्टांना धडा शिकवतात. वाचताना मूठ आपोआप आवळते. पण आज पुस्तक मिटल्यावर वाटलं, ज्याच्यावर हल्ला झाला त्याचं पुढे काय?

ॲसिडने भाजलेली बाई घ्या. जखमेवर अंगावरचीच दुसरीकडची त्वचा लावायची. ती धरली की व्रण फुगू नयेत म्हणून घट्ट आवळणारे कपडे दिवसाचे २३ तास, महिनोन् महिने घालायचे, आंघोळीपुरते काढायचे. इथे सोलापुरात मे महिन्यात साधा सुती सदरासुद्धा अंगाला नको होतो. त्यात ती खाज, आणि मान आखडू नये म्हणून रोजचा व्यायाम. खलनायक मेला म्हणून यातलं काही चुकत नाही.

कायद्यालाही हे उशिराच उमगलं. २०१३ साली ॲसिडहल्ल्यासाठी वेगळं कलम आलं, किमान १० वर्षांची शिक्षा. दंड उपचारांचा खर्च भागेल इतका हवा, असं त्या कलमातच लिहिलं गेलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने किमान ३ लाखांची भरपाई ठरवली, राज्यात अशा पीडितांना मदत देणारी मनोधैर्य योजना आली.

मला अशी मराठी रहस्यकथा हवी आहे, जिच्यात गुन्हेगार तिसऱ्याच प्रकरणात सापडतो आणि उरलेली पानं त्या बाईची असतात. ती नोकरी शोधते, घरच्यांवर चिडते, रात्री त्याचं मरण चिंतते. तिला सोशिकपणाच्या मखरात बसवू नका. कुणी लिहिलीच, तर पहिली प्रत मी घेईन.