खुंटी आणि तणावा

नगरच्या माणसाला ‘कँपात राहून आलो’ असे सांगितले, तर तो निःशंकपणे भिंगारकडे बोट दाखवील. कारण आमच्या शहरात कँप म्हणजे लष्कराची छावणी, हा अर्थ इतका रूढ झाला आहे की त्या शब्दाला दुसरेही काही बिऱ्हाड असू शकेल अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. त्यामुळे गेल्या ज्येष्ठाच्या तोंडाशी भंडारदऱ्याच्या काठी एक रात्र तंबूत काढून मी परतलो, तेव्हा शेजारच्या वृद्ध निवृत्त अव्वल कारकुनांना ती हकीकत समजावून देताना माझी बरीच तारांबळ उडाली. “पैसे देऊन तंबूत राहिलात?” ते म्हणाले, “अहो, साहेबांच्या फिरतीबरोबर आम्ही राहायचो, तेव्हा सरकार आम्हांला वर भत्ता देत असे!”

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. तंबू हा ज्या मुलखात हुकमतीचे चिन्ह होता, असा आमचा मुलूख आहे. आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दख्खनेत ज्याने बहुतेक डेऱ्यांतच काढली, तो आलमगीर बादशहा १७०७ साली याच भिंगारच्या छावणीत मरण पावला. बादशाही डेऱ्यांचा एक संच उभा असतानाच दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना होत असे. त्याला पेशखाना म्हणत. पुढे इंग्रजांचे कलेक्टर हिवाळ्यात जमाबंदीच्या फिरतीवर निघत, तेव्हा त्यांनीही हाच रिवाज उचलला. साहेब घोड्यावरून दौडत येईपर्यंत राहुटीच्या कनाती ताणलेल्या असाव्यात, पाणी तापलेले असावे आणि गावचे पाटील-कुलकर्णी दप्तर काखोटीस मारून उभे असावेत, हा शिरस्ता. स्वतःची खुंटी स्वतः ठोकणे मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या नशिबी आले नसावे.

ते माझ्याही नशिबी नव्हते, हे शेंडी गावातून पुढे गेल्यावर, जलाशयाच्या उतारावर, प्रथम कळले. एका बाजूस कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर ढगांत शिरलेले, समोर रतनगडाची काळी कड, आणि मधे उन्हाळ्याने पोट खपाटीला गेलेला तलाव. असा तो देखावा डोळे भरून पाहत मी खुंटी हातात घेतली आणि सरळ उभी ठोकू लागलो. तंबूंची देखभाल करणारे पन्नाशीचे गृहस्थ काही वेळ संकोचाने पाहत राहिले, मग न राहवून म्हणाले, “पावणं, अशी नाय. तिचं डोकं तंबूपासून लांब पायजे अन् टोक तंबूकडं. उभी ठोकली तर रातच्याला वारा उपटून नेईल.” त्यांनी माझ्या हातातला दगड घेतला, तीन घाव घातले, तणावा खुंटीला दोन वेढे देऊन ओढला आणि बोटाने छेडून पाहिला. एकतारीची तार लागली की नाही हे भजनी पाहतो, तसे.

काठापासून थोड्या उंचीवर, मुरमाच्या पक्क्या जागी, एक घरगाडी उभी होती. पलंग, शेगडी, मोरी, इतकेच नव्हे तर शौचकूपदेखील पोटात घेऊन हिंडणाऱ्या या वाहनांना लोक कॅराव्हॅन म्हणतात, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ साली एक स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे. त्या गाडीतल्या पुणेकर कुटुंबाने सर्व काही बरोबर आणले होते. फक्त सपाट जमीन आणायची राहिली होती. पलंगावरची उशी वारंवार घरंगळे. तेव्हा पुन्हा तेच गृहस्थ आले आणि त्यांनी उतारावरच्या चाकांखाली चपट्या दगडांचे थर रचून दिले.

चाकांवरच्या घराचे आम्हां नगरकरांना एवढे कौतुक का वाटावे, असा विचार त्या वेळी मनात आला. दसरा-दिवाळी उलटली की पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टायरगाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. भांडी, वाकळा, कोंबड्या, बांबू, तट्टे आणि सर्वांच्या वर तोल सावरून बसलेले एखादे पोर. फडाजवळ कोपी उभी राहते आणि पट्टा पडेपर्यंत तेच घर. त्या मुक्कामाचे भाडे अगोदरच, मुकादमाच्या उचलीत, फिटलेले असते.

अंधार पडला आणि काजवे पेटू लागले. हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर त्यांची वस्ती असते आणि पहिल्या पावसाच्या आगेमागे काही आठवडेच ती टिकते. एका झाडाचे सगळे काजवे जणू एकाच श्वासाने उजळत आणि एकाच श्वासाने विझत. ते पाहून माझ्यासारख्या वाचाळ माणसाचीही वाचा बसली. पलीकडच्या एका मंडळीची मात्र बसली नाही. त्यांनी कर्णा लावला आणि विजेरीचे झोत झाडावर टाकले, तसे ते झाड हळूहळू अंधारात बुडाले. त्या रात्री ते पुन्हा पेटले नाही.

चहाचा कप हातात देताना मी त्या गृहस्थांना विचारले, “खुंटी ठोकायला कोठे शिकलात?”

“नारायणगावला,” ते म्हणाले. “मजुरीला जायचो आम्ही, घरचे समदेच. तिथं पाल ठोकूनच ऱ्हायचं. माळावर वारा लई.” मग पाण्याकडे पाहत, तक्रारीचा सूर न लावता, “हे पाणी बघा, आमच्या दारातलं. आवर्तन सुटलं की खाली जातंय, उसाला.”

१९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने अडवलेली प्रवरा रंध्याच्या कड्यावरून कोसळत ओझरच्या बंधाऱ्याला पोचते, तेथून कालव्यांनी लोणी-श्रीरामपूरच्या मळ्यांत शिरते, आणि त्याच उसाच्या फडाकाठी पाथर्डीकराची कोपी उभी राहते, हा भूगोल मी शाळेत घोकला होता. तो तीन घावांत ठोकता येतो, हे मला ठाऊक नव्हते.

रात्री दोनच्या सुमारास वारा उठला. कापड फडफडले, कोठेतरी कोणाचा तरी तंबू पडला आणि आरडाओरड झाली. माझा तणावा तेवढा मंद घुमत राहिला; मी त्याचा स्वर ऐकत पडलो होतो.

सकाळी तंबू गुंडाळला गेला. त्या गृहस्थांनी खुंट्या हलवून हलवून उपटल्या, मोजून पिशवीत भरल्या, आणि प्रत्येक भोकात पायाने माती लोटून टाचेने दाबली. मी कुतूहलाने पाहतो आहे हे ध्यानात येताच म्हणाले, “गुरं येत्यात इथं पाण्यावर. पाय आडकायला नको.”