मर्यादवेल

चित्रावर भाळून झाड लावणाऱ्यांपैकी मी एक. लग्न होऊन पुण्याहून श्रीवर्धनला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका पुस्तकात सी लॅव्हेंडरचे चित्र पाहिले आणि आमच्या वाडीच्या समुद्राकडील अंगाला तसाच जांभळा ताटवा वर्षानुवर्षे फुलावा, असे मनाने घेतले. खाजणात वाढणारे, पानांवाटे मीठ बाहेर टाकणारे हे झाड आपल्या खाऱ्या वाऱ्याला काय भिणार, हा माझा हिशेब.

जागा हवी म्हणून पुळणीवर पसरलेली मर्यादवेल मी गड्याकडून उपटून टाकली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तुला लावायचं ते लाव गो, पण तिला उठवू नकोस." मी हसले.

थंडीत रोपे तरारली, चार तुरेही आले. मग कोकणचा पाऊस आला. जे वाऱ्याला भ्याले नाही, ते सततच्या ओलीने कुजले.

त्याचे फारसे वाईट वाटले नाही. खरी शिक्षा पुढच्या वैशाखात मिळाली. उघडी पडलेली वाळू वाऱ्याबरोबर अंगणात येऊ लागली. तुळशीवृंदावन, विहिरीचा काठ, ओटी, सारे वाळूने भरे. सासूबाई मुकाट्याने झाडीत. त्यांच्या केरसुणीचा आवाज मला बोलण्यापेक्षा अधिक लागे.

मृगाच्या सरी येताच त्यांनीच कुठूनशी वेलीची हातभर कांडी आणली. आम्ही दोघींनी ती पेरे वाळूत गाडून लावली. या वेलीला पेरापेराशी मुळे फुटतात. वाऱ्याने वाळू अंगावर टाकली की ती त्या वाळूवर चढते आणि हळूहळू बांध घालते. तिचे बी समुद्रावर तरंगत जाते, म्हणून उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्या-किनाऱ्यावर ती दिसते. पाने आपट्यासारखी दुभंगलेली. आणि सकाळी उमलून दुपारी कोमेजणारी फुले जांभळी! ज्या रंगासाठी मी तिला उपटले, तो तिच्यापाशीच होता.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमचे माड मोडले, रोठा सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या. तेव्हा सासूबाई नव्हत्या. चौथ्या दिवशी पुळणीवर गेले. वेलीचा पुढचा भाग समुद्राने ओरबाडून नेला होता. उरलेल्या पेरांना पावसाळा सरण्याआधीच नवे कोंब फुटले. पोफळींना तेवढी घाई करता येत नाही. नवी लावलेली अजून वाढतच आहेत.

उपटलेल्या वेलीबद्दल सासूबाई मला कधी बोलल्या नाहीत. म्हणून आज मीच लिहिते आहे.