रिकामी गव्हाण

वसईत, मुंबईत किंवा गोव्यात डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांत गोठ्याची तयारी सुरू होते. पसरट भांड्यात माती घालून त्यात नाचणी किंवा गहू पेरतात आणि रोज पाणी शिंपडतात. दहा-बारा दिवसांत हिरवी लव वर येते. तेच मेंढरांचं कुरण. मग मरिया, योसेफ, मेंढपाळ आपापल्या जागी बसतात. मधली गव्हाण मात्र पुष्कळ घरांत 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच राहते. लहान मुलांना नाताळचा अर्थ सांगायला या रिकाम्या गव्हाणीइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

चार वर्षांच्या मुलाला तारण, कृपा, देहधारण हे शब्द पेलत नाहीत, पण बाळ म्हणजे काय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. लूकच्या शुभवर्तमानातली कथाही त्याच्या आवाक्यातली आहे. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं, आणि पहिली बातमी मिळाली ती रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांना. देव आला तो कुणीतरी उचलून घ्यावं, ऊब द्यावी, अशा अवस्थेत. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरं गवत आणि खरा बैल-गाढव आणून हा देखावा उभा केला, तो लोकांना ती गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणूनच. जे पाहून आणि हाताळून कळतं, ते मुलाच्या मनात अधिक खोल रुजतं.

यावर कुणी म्हणेल, सांताक्लॉज आणि भेटवस्तूंपुढे या मातीच्या भांड्याचा काय पाड लागणार? पण सांताच्या मुळाशी असलेले संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायराचे बिशप. गुपचूप देणारा माणूस म्हणूनच परंपरेने त्यांची आठवण जपली आहे. भेटवस्तू वाईट नाही. मागितल्या क्षणी ती हातात पडते, तिथे बिघडतं. म्हणून मुलाला घेण्याबरोबर देण्याचंही काम द्यावं. नेवऱ्या, दोदोल, कलकल यांचं ताट शेजारी पोचवायला त्यालाच पाठवावं. ज्या घरी यंदा दुःख झालंय आणि गोडधोड शिजलेलं नाही, तिथे आधी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलासाठी हा नुसता खेळ, त्याला यातलं अध्यात्म काय कळणार? आज कदाचित नाहीच कळणार. पण पेरलेली नाचणी उगवली का, हे माती उकरून पाहिलं तर कोंब मोडतो. चौथ्या वर्षी जे कुरण असतं, त्याबद्दल दहाव्या वर्षी प्रश्न पडतो की या आईला कुणीच जागा का दिली नाही. आणि पुढे स्वतःचं तान्हं छातीशी धरल्यावर, देवाने स्वतःला माणसांच्या हाती सोपवलं म्हणजे काय केलं, हे उमगतं. तोवर आईबापांनी एवढंच सांभाळावं, की मुलाने कितीही हट्ट केला तरी गव्हाण त्या रात्रीपर्यंत रिकामी राहील, आणि बाळ तिथे ठेवायची वेळ आली की ते त्याच्याच हातात द्यावं.